सिकलसेल, हिमोफिलिया, मस्क्युलर डिस्ट्रॉफी: असं मूल वर्गात असेल तर शिक्षकाने काय करायचं?

यू-डायस प्लसची (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची) माहिती भरताना दिव्यांगत्वाच्या प्रकारांची लांबलचक यादी समोर येते आणि नवे शिक्षणसेवक हमखास फोन करतात, "मॅडम, सिकलसेल हा तर आजार आहे, तो दिव्यांगात कसा? पोरगा चांगला चालतो-बोलतो." प्रश्न रास्त आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ते २१ झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजत जाण्याचा आजार आले. पार्किन्सनसारखे काही प्रकार शाळेत जवळपास दिसणार नाहीत, पण हे चार दिसतात. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात तर सिकलसेलचं मूल तुमच्या वर्गात असण्याची शक्यता बरीच आहे.

मी गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम करते. या मुलांच्या बाबतीत आजाराचं नाव पाठ असण्यापेक्षा शाळेच्या दिवसात ते मूल नेमकं कुठे अडतं हे ठाऊक असणं जास्त उपयोगी पडतं. आणि "आजारी मुलांना जपा" असा एक सरसकट नियम इथे चालत नाही. साधा बर्फ घ्या. हिमोफिलियाच्या मुलाचा गुडघा सुजला तर कापडात गुंडाळून बर्फ लावायचा. सिकलसेलच्या मुलाचा गुडघा ठणकायला लागला तर बर्फ अजिबात लावायचा नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं. म्हणून पायऱ्या जरा क्रमाने घेऊ.

पहिली पायरी: बघा, लिहून ठेवा, निदान करू नका

पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर बसतात, त्याचा इथे फायदा होतो. परिपाठाला सगळी मुलं टुणकन उभी राहतात. एखादा मुलगा मात्र आधी पालथा होतो, दोन्ही हात जमिनीवर टेकून मागचा भाग वर करतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर हात चढवत उभा राहतो. पोटऱ्या चांगल्या भरदार दिसतात, म्हणून घरचे कौतुकाने पैलवान म्हणतात. चवड्यांवर चालतो, जिना चढताना कठड्याला लोंबकळतो, पळताना सारखा पडतो. हे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं लक्षण असू शकतं. हा आजार बहुतेक करून मुलग्यांनाच होतो आणि तीन ते पाच वर्षांच्या आसपास दिसायला लागतो. घरी तो खाटेवरून, खुर्चीवरून उठतो, त्यामुळे ही गोष्ट पालकांच्या आधी शिक्षकाच्या नजरेत येऊ शकते.

सिकलसेलचं मूल ओळखायला जास्त अवघड. डोळे पिवळसर, लवकर दम लागणं, थंडीत आणि पावसाळ्यात गैरहजेरी वाढणं, हातपाय किंवा पाठ दुखतेय म्हणून रडणं आणि दोन दिवसांनी पुन्हा ठणठणीत! "काल तर खेळत होता, आज नाटक करतोय," हे वाक्य स्टाफरूममध्ये याच मुलांबद्दल सर्वांत जास्त ऐकू येतं. हिमोफिलियाच्या मुलाच्या अंगावर काळेनिळे डाग असतात, कधी कधी घरी मारतात की काय असा संशय येण्याइतके. आणि कोरजीव, म्हणजे जन्मतः त्वचेत, केसांत, डोळ्यांत रंगद्रव्य कमी असलेलं मूल, मान तिरकी करून फळ्याकडे बघतं. त्याला "मान सरळ कर" म्हणू नका. त्याची बुबुळं सतत हलत असतात आणि ज्या कोनात ती कमीत कमी हलतात तो कोन त्याने स्वतः शोधलेला असतो.

तुम्ही एवढंच करायचं: तारीख, वेळ, काय दिसलं, त्याआधी काय चाललं होतं. चार ओळी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्यातल्या डॉक्टरांच्या हातात हा कागद द्या. पथक यायला अवकाश असेल तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. "मला वाटतं हिला अमुक आहे" असं पालकांना सांगणं हे आपलं काम नाही.

दुसरी पायरी: पालकांशी बोलणं

पालक सभेत हा विषय काढू नका. गावात एकदा बभ्रा झाला की पुढे मोठ्या बहिणीच्या लग्नापर्यंत तो पोचतो, म्हणून अनेक घरं निदान झालेलं असूनही शाळेला सांगत नाहीत. शाळा सुटल्यावर, मूल समोर नसताना, शक्यतो आई-वडील दोघांनाही बसवून बोला. घरात सगळा दोष आईच्या माहेरावर टाकलेला असतो, तेव्हा एक गोष्ट शांतपणे सांगता आली पाहिजे. सिकलसेलचा आजार मुलाला होतो तो सदोष जनुक दोन्हीकडून आलं तर. आई-वडील दोघंही वाहक (म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, स्वतः निरोगी) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हिमोफिलियाचं जनुक आईकडून येतं खरं, पण जवळपास एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो.

मग विचारा: दुखणं सुरू व्हायच्या आधी त्याला स्वतःला काय जाणवतं? घरी तुम्ही सगळ्यात आधी काय करता? कुठल्या दवाखान्यात केसपेपर आहे, आणि शाळेतून तिथे जायला गाडी कोणाची? वर्गातल्या मुलांना काय सांगितलेलं चालेल? यातला पहिला प्रश्न मुलालाही विचारा. हिमोफिलियाच्या बऱ्याच मुलांना सांध्यात रक्तस्राव सुरू झाला की सूज दिसायच्या आधीच आत मुंग्या येतात, गरम वाटतं. उपचाराची खरी वेळ तीच. वर्गात सात-आठ वर्षांचं पोर "सर, गुडघ्यात गुदगुल्या होतायत" म्हणालं तर हसायचं नाही, घरी फोन लावायचा.

वाहक आणि रुग्ण यांत गल्लत करू नका. तपासणीच्या कागदावर "एएस" असेल तर मूल वाहक आहे, "एसएस" असेल तर रुग्ण. वाहक मूल निरोगीच असतं. त्याला खेळातून काढायचं नाही आणि यू-डायसमध्ये दिव्यांग म्हणूनही नोंदवायचं नाही.

तिसरी पायरी: एक पान

फाईल नको, एकच पान. त्यावर मुलाचं नाव, आजार, काय झालं तर काय करायचं, काय कधीच करायचं नाही, कोणती गोळी कोणाच्या लेखी परवानगीने द्यायची, दोन फोन नंबर आणि दवाखाना. पालक, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक तिघांची सही. एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात, एक तुमच्या टाचणवहीत. हजेरीपटाला टाचू नका, तो दहा जण चाळतात. बदली शिक्षक आला तर पान त्याच्या हातात पडेल अशी सोय मात्र करा, कारण घोळ नेमका वर्गशिक्षक रजेवर असतो त्या दिवशी होतो. खेळाचे शिक्षक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना त्यांच्यापुरतं तोंडी सांगा.

चौथी पायरी: पान हातात घेऊन शाळेचा दिवस तपासा

परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत मनातल्या मनात त्या मुलाबरोबर चालत जा.

सिकलसेलच्या मुलापासून सुरुवात करू. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी वाजली, फार दमणूक झाली किंवा ताप आला की त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. त्यातून ती असह्य कळ येते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी आणि मूल कायम थकलेलं.

यातून शाळेसाठी निघणारे नियम अगदी साधे आहेत. पाण्याची बाटली बाकावर, तास चालू असतानाही प्यायची मुभा. लघवीला विचारेल तेव्हा सोडायचं. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे ती वारंवार होते. "मधल्या सुट्टीत जा" हा नियम इथे लावला की मूल पाणी पिणंच सोडतं आणि पुढच्या दुखण्याची तयारी आपणच करून देतो. मुलींच्या शाळेत स्वच्छतागृहाला कडी नसेल तर तेच घडतं. हा मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीत काढा आणि कोणत्याही मुलीचं नाव न घेता काढा, कडी सगळ्यांनाच हवी असते. उन्हात उभं करू नका, मूल पावसात भिजलं तर कोरडे कपडे द्या, हिवाळ्यात स्वेटर गणवेशाच्या रंगाचा नाही म्हणून काढायला लावू नका. खेळायला हरकत नाही, आपल्या चालीने, मध्ये थांबत, पाणी पीत. धावण्याची शिक्षा कदापि नाही.

आश्रमशाळेत असाल तर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात डिसेंबरातली पहाटे पाचची आंघोळ टाकीच्या गार पाण्याने होत असेल तर दुखणं तिथूनच सुरू होतं. अधीक्षकांना एवढं सांगा: या मुलाला गरम पाणी किंवा दुपारची आंघोळ, जादा पांघरूण, आणि रात्री कळ आली तर कोणाला उठवायचं ते ठरलेलं. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची औषधं चालू असतील तर ती रोज घेतली जातायत ना, हे पाहणारा एक माणूस नेमलेला हवा. सुट्टीवरून परत येताना औषध घरीच राहिलं, हे फार वेळा होतं.

हिमोफिलियाच्या मुलाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की खरचटलं तरी रक्ताच्या धारा लागतात. तसं नाही. रक्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहत राहतं, कारण गोठवणारा एक घटक (आठवा किंवा नववा) कमी असतो. बारीक खरचटण्याला दाबून धरलं की पुरतं. खरा धोका आत असतो: गुडघा, घोटा, कोपर आणि डोकं. कबड्डी, कुस्ती नको. चालणं, पोहणं, बॅडमिंटन डॉक्टरांना विचारून चालतं. कान पिळणं, उठाबशा, डस्टर फेकणं हे कोणत्याच मुलाला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदीच आहे, पण इथे त्याने सांधा कायमचा जाऊ शकतो. आणखी एक: १० आणि १६ व्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस शाळेत दिली जाते तेव्हा आरोग्य पथकाला आधी सांगा. स्नायूत टोचलेल्या सुईने या मुलाच्या आत रक्त साचू शकतं, म्हणून लस त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी लागते.

थॅलेसेमिया मेजरच्या (थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकाराच्या) मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यामुळे ठरावीक दिवशी गैरहजेरी आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत मरगळ. चाचणीची तारीख ठरवताना हे वेळापत्रक बघा. आणि शाळेत दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या वाटतात, प्राथमिकला गुलाबी आणि सहावीपासून पुढे निळी, ती या मुलाला देऊ नका. बाहेरून चढवलेल्या रक्तामुळे त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं, ते काढायला तो वेगळी औषधं घेतो. सिकलसेलच्या मुलाबाबतीतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. रक्त कमी आहे म्हणजे लोह द्या, हा आपला सगळ्यांचा सरळ हिशेब असतो, म्हणून हे पानावर ठळक अक्षरात लिहा.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलासाठी सर्वांत मोठा निर्णय मुख्याध्यापकांचा: त्याचा वर्ग तळमजल्यावर आणायचा. मुलगा पाचवीत गेला म्हणून पाचवीचा वर्ग वरच आहे, हे उत्तर नाही. खोल्यांची अदलाबदल एका दुपारचं काम आहे. व्यायामाने ताकद येईल म्हणून त्याला जास्त चालवू नका, या आजारात दमवणारा व्यायाम स्नायूंची झीज वाढवतो. पडला तर बगलेत हात घालून उचलू नका. खांद्याचे स्नायू ढिले असल्याने तो तुमच्या हातातून सटकतो. योग्य रीत फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. बहुतेक मुलं बाराच्या आसपास व्हीलचेअरवर येतात, म्हणजे सहावी-सातवीत. रॅम्प आणि बसता येईल असं शौचालय तेव्हा लागणारच आहे, मागणी चौथीतच टाका. लिहिताना कोपराला आधार मिळेल असं बाक द्या, गृहपाठ निम्मा करा, उत्तरं तोंडी घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर चेहरा सुजतो, भूक वाढते, चिडचिड होते. "जाड्या" म्हणणाऱ्या मुलांना आवरा. हे औषध मध्येच बंद करायचं नसतं, सहलीलाही ते बरोबर हवं. आणि हो, सहलीला त्याला न्यायचंच. खेळाच्या तासाला दरवेळी गुण लिहायला बसवणं हाही सोपा मार्ग झाला. पंच करा, कॅरम-बुद्धिबळाचा गट करा, संघ निवडायला लावा.

कोरजीव मुलाचं थोडक्यात: खिडकीकडे पाठ, पुढचा बाक, टोपी, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, परिपाठ सावलीत.

पाचवी पायरी: बिनसलं तर

पालक येईपर्यंत थांबायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा, अशा वेळा मोजक्या आहेत.

सिकलसेल: १०१ च्या आसपास किंवा वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, अचानक पांढरं पडणं आणि पोट फुगणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा असह्य डोकेदुखी. लहान वयातही या आजारात पक्षाघात होतो. मोठ्या मुलांमध्ये लिंग ताठ होऊन तासन् तास दुखत राहणं हीसुद्धा तातडीची बाब आहे. पोरगा लाजेने सांगत नाही, म्हणून एखाद्या पुरुष शिक्षकाने त्याला आधीच एकदा समजावून ठेवावं. एरवीच्या कळीला पाणी, ऊब, आराम आणि पानावर लिहिलेली गोळी. बर्फ नाही.

हिमोफिलिया: डोक्याला, मानेला किंवा पोटाला मार लागला तर काहीही दिसत नसलं तरी लगेच दवाखाना. सांधा सुजला तर हलवायचा नाही, उंच ठेवायचा, कापडातला बर्फ लावायचा, हलकी पट्टी बांधायची आणि फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या घटकाचं इंजेक्शन) मिळेल तिथे लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत पोचवायचं. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात फॅक्टर नाही तिथे आधी नेऊन वेळ जातो, म्हणून नेमकं ठिकाण पानावर हवं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन कधीच नाही.

सहावी पायरी: बुडालेला अभ्यास

ही मुलं एकदम महिनाभर गायब होत नाहीत, तीन दिवस, पाच दिवस, दोन दिवस अशी तुकड्यातुकड्यांनी बुडतात. त्यामुळे भागाकार शिकवला त्या आठवड्यात नव्हता, हे कोणाच्या लक्षातच येत नाही आणि सहावीत तो "गणितात कच्चा" ठरतो. प्रत्येक घटकातलं न चुकवण्यासारखं काय तेवढं लिहून ठेवा आणि तो परत आल्यावर तेवढंच घ्या, सगळी वही उतरवून काढायला लावू नका. वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला एक मित्र ठरवा. आल्या दिवशी चाचणी नको.

वर्गाला काय सांगायचं ते मूल आणि पालक ठरवतील. त्यांनी हो म्हटलं तर दोन वाक्यं पुरतात: हे एकमेकांना लागत नाही, आणि त्याला दुखायला लागलं तर मला येऊन सांगा.

सातवी पायरी: कागदपत्रं

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र असलेलं स्वावलंबन कार्ड, यासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्वतः निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. टक्के कमी भरले म्हणून वर सांगितलेली पाण्याची बाटली किंवा तळमजल्याचा वर्ग नाकारता येत नाही, शाळांवरची ती जबाबदारी कलम १६ मध्ये वेगळी आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य मिळतं, पण यू-डायसमध्ये प्रकार चुकीचा नोंदला तर मूल त्या यादीत येतच नाही.

दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो. मंडळाकडे प्रस्ताव पाठवताना प्रमाणपत्र हातात लागतं, आणि तपासणीची तारीख मिळायला वेळ जातो. म्हणून अर्ज आठवीत, फार तर नववीच्या सुरुवातीला करा. जानेवारीत धावाधाव करणारे पालक दरवर्षी दिसतात, आणि त्यात बहुतेक वेळा चूक शाळेची असते, कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

शेवटचं काम एप्रिलमधलं. निकालपत्रकं लावून झाली की ते एक पान काढा, वर्षभरात जे बदललं ते त्यावर दुरुस्त करा, पालकांची पुन्हा सही घ्या आणि पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला समोर बसवून वाचून दाखवा. मूल पाचवीसाठी किंवा आठवीसाठी दुसऱ्या शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पानाची एक प्रत पालकांच्या हातात द्या आणि नव्या शाळेत पहिल्याच दिवशी ती कोणाला द्यायची ते नाव त्यावर लिहा.